मामाच्या कडव्याआधी

भाऊजी, तुमचा डबा परत चालू झाला. सांगायचं एवढंच होतं. पण एवढ्यावर तुमचं कधी भागलंय? "चालू झाला म्हणजे काय झालं, वहिनी? आधी काय बघितलंत? मग काय केलंत?" असं सगळं वदवून घेतल्याशिवाय तुम्ही फोन ठेवायचा नाहीत. तेव्हा पहिल्यापासून सांगते. दमलेय, म्हणून जरा रेंगाळत सांगेन. आता तुम्हाला तरी कुठे घाई आहे?

तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची ये-जा सुरू आहे. येतात, टेकतात, चहा घेतात आणि "फार मोठ्या मनाचा माणूस" म्हणतात. मी मान हलवते. मोठ्या मनाचे होतात, नाही कशाला म्हणू? पण हट्टी होतात हे कोणी म्हणत नाही. ताट वाढून हाक मारली तरी "आलो, आलो" करत माळ्यावर बसून राहायचात, हेही कोणी म्हणत नाही. पुन्हा पुन्हा कालवण गरम करणारी मी होते, त्यामुळे मला आठवतं ते त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. मी ठेवणार. दीर-भावजयीचं आपलं नातंच तसलं होतं.

परवा तुमच्या भाचीच्या, पिंकीच्या, होणाऱ्या सासरची मंडळी भेटायला आली. त्यातल्या एका काकांची नजर माळ्यावर गेली. "तो खोका कसला हो?" मला तुमच्यासारखं सांगता येईना. मी म्हटलं, तो कॉम्प्युटरच आहे, पण त्याला पडदा नाही की बटणं नाहीत. त्याच्या पोटात नुसत्या हार्ड डिस्क आहेत. घरातलं सगळं, फोटो, गोडाऊनचे कागद, लग्नातली गाणी, भाऊजींनी त्यात साठवलंय. बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून वायरीतून तिथे जायचं आणि हवं ते काढायचं. काका म्हणाले, "म्हणजे तिजोरी." मी म्हटलं, "तिजोरी नाही, फडताळ." आईंनी आतून एकदम मान वर केली. फडताळ हा शब्द तुमचाच होता.

त्या डब्यासाठी तुम्ही काय काय केलं नाहीत! माळ्याच्या भिंतीला लागून आपला कापडाच्या लूमचा कारखाना. लूम चालू झाले की भिंत थरथरते, तर तुम्ही डब्याखाली सायकलची जुनी ट्यूब कापून घातलीत. हवेत कापसाची रुई, तर आईंच्या जुन्या पातळाचा तुकडा पंख्याच्या जाळीवर ताणून बसवलात आणि दर महिन्याला धुवायला माझ्याकडे टाकलात. आमचे हे, तुमचे दादा, म्हणायचे, "एवढी काळजी यानं बायकोची घेतली असती." तुम्ही म्हणायचात, "आधी बायको तरी आणा." आम्ही आणत होतो, तुम्ही नाही म्हणत होतात. आईंनी अख्ख्या गावाच्या लग्नात धवले म्हटले, आणि घरातलंच एक लग्न राहिलं. त्या हे कधी बोलल्या नाहीत. मीच बोलतेय.

आईंच्या धवल्यांपायीच तर हा सगळा खटाटोप होता. आपल्या लग्नात भटजी असला तरी हळदीपासून मांडवापर्यंत धवले म्हणणारी धवलारीण लागते. ती देवांना बोलावते, घरातल्यांना बोलावते, नवरीला हळद लावायला सांगते, आणि हे सगळं गाण्यातून. आईंना किती धवले येतात हे त्यांनाही ठाऊक नसेल. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडात. तुम्ही पोरसवदा होतात तेव्हापासून त्यांच्यामागे टेपरेकॉर्डर घेऊन मांडवामांडवात फिरलात. पुढे कॅसेटींना बुरशी लागायला लागली, तेव्हा सगळं कॉम्प्युटरवर चढवून या डब्यात ठेवलंत, आणि कॅसेटी दिल्यात भंगारात. मी तेव्हाच म्हटलं होतं, "सीडी काढून ठेवा. सगळं एकाच जागी नको." तुम्ही हसलात. "वहिनी, एक डिस्क गेली तरी दुसरीवर तेच असतं. हा डबा तुम्हाआम्हाला पुरून उरेल." आमचं मेलं तोंड बंद करायला तुम्हाला एवढं पुरायचं. हे भांडण मिटलं नव्हतं, लक्षात ठेवा.

डबा बिघडला की तुम्ही राहनाळच्या गोडाऊनवर कामाला असायचात आणि मी माळ्यावर. फोन कानाला, मागे लूमची खडखड.

"वहिनी, मागे वायर जिथे जाते तिथला लाइट बघा. हिरवा आहे?"

"आहे."

"लुकलुकतोय?"

"काय?"

"लुकलुकतोय का?"

"अहो ओरडू नका, मी बहिरी नाही, लूम चालू आहेत!"

मग तुमची ठरलेली आरती. आधी लाइट बघायचा, मग वायर बदलून बघायची, मग वायरींच्या चौकातली जागा बदलायची. चौक म्हणजे तो हब, हेही नाव तुम्हीच दिलेलं. मग सगळं बंद करून चालू. आणि डबा उघडायचा सगळ्यात शेवटी, तोही मी असताना. एवढं बारावी शिकून मी घरात पोळ्या लाटत होते. कॉम्प्युटरला हात लावायला तुम्ही शिकवलंत, आणि चुकले तर कधी हसला नाहीत. बाकी सगळ्या गोष्टींना हसायचात, याला नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहून गेलं.

दसऱ्याला मात्र दरवर्षी तमाशा. लूम बंद करून पुसायचे, प्रत्येकाला झेंडूची माळ, ओल्या हळदीकुंकवाची बोटं, अक्षता, गूळ. आई सगळे लूम करायच्या, मग तुमची मोटारसायकल, आणि मग ताट घेऊन माळ्याच्या जिन्याकडे निघायच्या. तुम्ही आडवे.

"आई, त्याला न्हाय."

"का न्हाय? त्यो काम करीत न्हाय? माजा गला त्याच्याच पोटात हाय ना?"

"पानी जाईल गो आत!"

"लूमला कवा गेलं?"

शेवटी तह झाला. पुढे नाही, पाठीमागे लावायचं, पत्र्यावर. आणि आई वर यायच्या आधी तुम्ही गुपचूप जाऊन मागच्या सगळ्या भोकांवर काळी चिकटपट्टी लावून यायचात. दुसऱ्या दिवशी काढून टाकायचात. आईंना वाटायचं डब्याला पाठीमागून काळी पट्टी असतेच. मला ठाऊक होतं, दादांना ठाऊक होतं, आम्ही गालातल्या गालात हसायचो.

यंदा दसरा नव्हता. गणपती उठले आणि तुम्ही दवाखान्यातून परत आलाच नाहीत. वर्षभर घरात सण नाही. दसऱ्याला लूम नुसते बंद ठेवले, माळ नाही की गूळ नाही. शेजारपाजारची पोरं सोनं द्यायला आपल्या दाराशी येऊन पुढे गेली. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे इकडेतिकडे तोंडं लपवून पडलो होतो. मी खरं सांगते, मला त्या दिवशी रडण्याचाही कंटाळा आला होता.

आणि आई. आईंच्या डोळ्यांत कोणी पाणी पाहिलं नाही. "गॅस बंद कर", "पाणी आलं, भरून घे", एवढंच बोलायच्या. गल्लीतल्या बायका कुजबुजायच्या, "म्हातारी बघा कशी, लेक गेला तरी." मी एकीला तोंडावर सुनावलं. पण आतून मलाही भीती वाटत होती. बाईचा गळा एवढा मोठा, आणि त्यातून काहीच बाहेर येत नाही, हे मला बघवत नव्हतं.

दिवाळी दिवा न लावताच गेली. मग ताई आल्या राहनाळहून. तुमच्या ताईंचं तुम्हाला माहीत आहे, बोलायच्या आधी पदर डोळ्याला. पिंकीचं लग्न पुढे ढकलायचं का, हे विचारायला आल्या होत्या. आई म्हणाल्या, "थांबवाचं न्हाय. स्थल त्यानंच आनलंय." झालं, तो विषय संपला. मग ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आई तर यंदा मांडवात बसायची न्हाय गो. बिनधवल्याची हलद कशी लावू पोरीला? सोनलच्या लग्नात नऱ्यानं आईचं भरून ठेवलंय ना, तेवढं काढून दे. स्पीकरवर लावू."

सोनल म्हणजे ताईंची थोरली, पिंकी धाकटी. एकीच्या लग्नातले धवले दुसरीला लावायचे, यात अवघड काय होतं? मी "उद्या देते" म्हणून मोकळी झाले.

बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर चालू केला. डब्याचं नाव दाबलं. जरा वेळ घड्याळ फिरलं, आणि इंग्रजीत आलं की असं काही सापडत नाही. पुन्हा दाबलं. सापडत नाही. भाऊजी, तुम्ही गेलात, ते एकदा झालं. आता तुम्ही जमवलेलंही सगळं गेलं, तर आईंना काय सांगू, ताईंना काय सांगू? आणि कोणावर ओरडू? सीडी काढा म्हणणारी मी, आणि ऐकून घ्यायला तुम्ही नाही.

वर गेले. पंखा चालू होता, डब्याला ऊब होती. म्हणजे जीव होता. मागे अंधारात वाकून बघितलं, तो हिरवा लाइट नव्हता. दादांना सांगितलं. ते जिन्याखालीच उभे राहिले. तुम्ही गेल्यापासून ते माळ्यावर चढलेच नव्हते. खालूनच म्हणाले, "लोडशेडिंग संपून वीज येते ती केवढ्या धक्क्यानं येते. त्यात उडालं असेल."

मी तुमची आरती म्हणत बसले. वायर बदलली. जुनी काढली, नवी लावली, हातानं चाचपून बघितली, बसली वाटलं. लाइट नाही. हबमध्ये जागा बदलली. नाही. सगळं बंद करून चालू केलं. नाही. तेवढ्यात वीज गेली. वीज आली की लूम चालू आणि माझं डोकं बंद, वीज गेली की डबाच बंद. असे कितीतरी दुपारचे तास गेले. मी तुमच्या नावानं बडबडायचे. "सांगा ना आता, पुढे काय?" एकदा सवयीनं फोन उचलला आणि गोडाऊनचा नंबर फिरवला. तिकडे तुमच्या जागी बसतो तो माणूस "हॅलो, हॅलो" करत राहिला. मी फोन ठेवून दिला.

शेवटी निजामपुऱ्यात त्या दुकानात गेले, जिथून तुम्ही सामान आणायचात. त्यानं तुम्ही गेल्याचं ऐकून आधी दुआसाठी दोन्ही हात उचलले, मग कामाचं बोलला. "लाइट नहीं आ रही मतलब कार्ड गया, भाभी. वायर जिस कार्ड में लगती है ना, वो. नया दे देता हूँ. पर पेटी इधर लानी पड़ेगी, खोलनी पड़ेगी. अंदर का माल बचेगा या नहीं, मैं नहीं बोल सकता."

घरी येऊन मी ते नवीन कार्ड पिशवीतून काढून देवळीत ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले. दादा म्हणाले, शुक्रवारी लूमला सुट्टी, शुक्रवारी डबा उचलून नेऊ. मी हो म्हटलं. मला तो डबा दुकानात उघडलेला नको होता. पण दुसरा रस्ताही दिसत नव्हता.

शुक्रवार आला. अख्खी गल्ली गप्प. लूम बंद आणि वीज चालू, असं आठवड्यातून तेवढंच घडतं. दादा पोतं घेऊन जिन्यापाशी आले, थबकले, आणि मग चढले. वर येऊन त्यांनी तुमच्या खुर्चीकडे बघितलंच नाही. म्हणाले, "वायरी काढ, मी उचलतो."

मी मागे हात घालून ती वायर ओढली. सहज निघाली. हातात आली.

आणि भाऊजी, मला तुमचा आवाज ऐकू आला म्हणणार नाही, तसलं काही झालं नाही. पण आठवलं. वायरीच्या टोकाला ती छोटी जीभ असते. ती दाबल्याशिवाय वायर निघत नाही, असं तुम्ही मला दहादा सांगितलं होतंत. आत घालताना टक आवाज आला पाहिजे, टक नाही तर वायर बसली नाही. मी जीभ दाबलीच नव्हती. वायर परत घातली. त्या शांततेत कान लावून ऐकलं. टक नाही. पुन्हा. नाही. इतके दिवस लूमच्या खडखडीत मी नवी वायर लावत होते आणि ती बसलीच नव्हती, मला कळायचं कसं?

"दादा, बॅटरी आणा," म्हटलं. यांना मी तोंडावर कधी दादा म्हणत नाही, तुमच्यामुळे तोंडातून गेलं. त्यांनी बॅटरी आणून दिली. वायरीच्या भोकात उजेड टाकला. आत लाल काहीतरी होतं. सुईनं हळूच ओढून तळहातावर घेतलं. तांदळाचा दाणा. कुंकू लागलेला.

मग आम्ही डबा भिंतीपासून पुढे सरकवला. पाठीमागे पत्र्यावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, सुकून तडकलेली. थोडं भोकाच्या कडेला ओघळून वाळलं होतं. खाली चार अक्षता, आणि गुळाचा खडा होता त्या जागी मुंग्यांची रांग. ही जागा तुम्हीच ठरवून दिलेली. चिकटपट्टी मात्र नव्हती. ती लावणारा माणूस नव्हता.

दादा म्हणाले, "दसऱ्याला आपण काही केलंच नव्हतं."

"आपण नव्हतं केलं."

आईंचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. गेल्या वर्षी तुम्ही त्यांना हाताला धरून, पायरी पायरी करत वर आणलं होतंत आणि वर "एवढी हौस कशाला" म्हणून चिडवलंही होतंत. यंदा आम्ही सगळे तोंड झाकून पडलो होतो त्या दुपारी ही बाई एकटी, ताट सांभाळत, हा जिना चढून आली होती. लूमना नाही, मोटारसायकलला नाही, कशालाच नाही. घरात सण नव्हता, पण तुमच्या डब्याला तिनं उपाशी ठेवलं नाही. वायर आड आली असेल म्हणून काढली असेल आणि परत लावताना जमेल तशी खुपसली असेल. दादा तुमच्या खुर्चीवर बसले आणि हमसून हमसून रडले. मी त्यांना रडू दिलं. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

काडीला कापूस गुंडाळून मी ते भोक आतून पुसलं, वाळू दिलं, आणि वायर घातली. टक. हिरवा लाइट लागला आणि लुकलुकायला लागला. दुकानदाराचं कार्ड अजून पुडीतच आहे. आईंना आम्ही तांदळाच्या दाण्याबद्दल काही बोललो नाही. पुढच्या दसऱ्याला चिकटपट्टी मी लावीन.

दुसऱ्या दिवशी ताईंना बोलावलं. "आई" नावाचा तुमचा फोल्डर उघडला, त्यात "सोनल हळद" होतं. लावलं. आईंचा तो आवाज घरात भरला आणि स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. आई हळूहळू येऊन उंबऱ्याशी टेकल्या. डोळे जमिनीकडे. धवला पुढे जात होता. आधी गावदेवी आली, मग खाडीकाठचा देव, मग कुलदेव. तेवढ्यात टेपमधल्या आईंना ठसका लागला. बायकांची कुजबुज, बांगड्यांचा आवाज. आणि मग अगदी जवळून, माइकच्या मागून, तुम्ही.

"मामा! आई, मामाचं घे, मामाचं!"

भाऊजी, एवढ्या सगळ्या गाण्यांत तुम्ही कुठेच नाही. मी नंतर शोधून बघितलं. सगळीकडे आई आहेत, नवऱ्या आहेत, कुत्री भुंकलेलीही आहेत. तुम्ही नेहमी मशीनच्या मागे, तोंड मिटून. फक्त इथे एकदा राहवलं नाही. टेपमधल्या आई हसल्या, आणि त्यांनी नवरीच्या मामाचं कडवं उचललं. ताई पदरात तोंड घालून ओक्साबोक्शी रडायला लागल्या. दादा उठून ओट्यावर गेले.

"बंद कर," आई म्हणाल्या.

मी बंद केलं. वाटलं, यांना सोसत नाही. चुकलंच आपलं, आधी एकटीनं ऐकायला हवं होतं.

"हितं त्यानं चुकवलंय," आई म्हणाल्या.

इतक्या दिवसांत धवल्याचं नाव त्यांनी काढलं नव्हतं.

"देव जाले का घरातले गेलेले. त्यांना नावानं आवतन द्याचं, या म्हनाचं, हलदीला या, जेवाला या. त्यांना बोलवल्याबिगर मामा न्हाय. मना ठसका लागला तं यो मधीच मामा मामा. सोताचा नंबर कवा येतो याची घाई. त्याचा बापूस, त्याचा आजा, समदी तशीच ऱ्हायली बाहेर."

"मग तुम्ही का घेतलं मामाचं?" मी विचारलं.

"चार बायकांत त्याला खाली पाडू? तो मामा होता तवा." मग जरा थांबून, "घरी आल्यावं लय बोल्ली त्याला. बापूस उपाशी गेला तुजा मांडवातून, म्हटलं. तं हसला. बोल्ला, आई, फुडच्या लग्नात बोलवू ना, जातात कुटं ते."

पुढचं लग्न म्हणजे पिंकीचं. हे आम्हा तिघींच्याही एकदमच लक्षात आलं असणार. ताईंनी रडायचंही थांबवलं.

मग आई उठून माझ्या खुर्चीजवळ आल्या. पडद्याकडे बोट केलं. "हे तुला पायजे तिथं थांबवता येतं?"

"येतं."

"मंग मामाच्या आधी थांबव. ठसका लागला का थांबव. तेवढं मी म्हनीन."

"आई, पण यंदा तुम्ही मांडवात..."

"मांडवात न्हाय जायाची. बाहेर पायरीवं बसंन. गेलेल्यांना आत बसून कोन बोलवतं? बाहेर तोंड करूनच बोलवाचं असतं." आणि तिथेच उभ्या राहून, चाल न लावता, त्यांनी नावं घेऊन बघितली. आजेसासरे. आजेसासू. मामंजी, तुमचे वडील. मग त्या अडल्या. मी हात धरला तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि अगदी कामाच्या आवाजात मला विचारलं, "गो, नऱ्या चालीत बसत न्हाय. नरेश घ्याला पायजे, ना?"

"हो आई. नरेश घ्या."

तेव्हा त्या रडल्या. भिंतीला टेकून, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल अशा.

आता इकडचं ऐका. तुम्हाला न विचारता मी सगळ्याच्या सीडी काढल्यात, एक जोड ताईंकडे, एक कपाटात. यावर वाद नको. सोनलच्या हळदीत ठसका कुठे येतो ती जागा मी पाठ केलीय. रोज एकदा लावून थांबवून बघते, म्हणजे ऐनवेळी हात चुकायला नको. तुमचा "मा" निघायच्या आधी बोट पडलं पाहिजे, आणि आई थांबल्या की उचललं पाहिजे. पहिले काही दिवस उशीर व्हायचा, कारण तुमचा आवाज ऐकायचा असायचा. आता बरोबर जमतं.

हळदीच्या दिवशी मी बटणावर बोट ठेवून बसेन. आधी आई तुम्हाला नावानं बोलावतील, तुमच्या वडिलांच्या मागोमाग. मग मी मशीन चालू करेन, आणि तुम्ही मध्येच मामाचं घे म्हणून घाई कराल, तीही पिंकीच्याच लग्नात कराल. दोन्ही जागा तुमच्याच आहेत, दोन्हीकडे हजर राहा. ताट वाढलेलं असेल. एकदाच हाक मारतील, भाऊजी, या वेळी "आलो, आलो" करत बसू नका.